साक्षीदार दुसऱ्या घरी: युनिक्सच्या नोंदवह्यांचा इतिहास

ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या तळघरात, संगणक विभागात, क्लिफर्ड स्टॉल नावाचा एक खगोलशास्त्रज्ञ नव्याने रुजू झाला. दुर्बिणीच्या कामाचा निधी संपल्यामुळे त्याची रवानगी तिथे झाली होती. त्याच्या वाट्याला आलेले पहिले काम अगदीच किरकोळ होते: हिशेबात ७५ सेंटची तफावत कशी आली ते शोधणे.

या ७५ सेंटचा शोध पुढे पश्चिम जर्मनीतील हानोफर शहरापर्यंत आणि सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीपर्यंत पोहोचला. ती हेरकथा अनेकांना ठाऊक असते. तिच्या पोटात दडलेला एक प्रश्न मात्र सहसा दुर्लक्षित राहतो, आणि तो इतिहासाच्या विद्यार्थ्याला जवळचा आहे. ज्या कागदावर गुन्ह्याची नोंद आहे, तो कागदच गुन्हेगाराच्या ताब्यात असेल, तर विश्वास कशावर ठेवायचा?

अनेक युनिक्स संगणकांच्या नोंदी एकाच ठिकाणी गोळा करून त्यांवर नजर ठेवण्याची आजची पद्धत या प्रश्नाच्या उत्तरातून घडत गेली. (थ्रेड)

प्रथम शब्दाविषयी. ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो समुद्रात टाकत, ठरावीक वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत आणि तो आकडा वहीत लिहीत. ती वही झाली ‘लॉगबुक’. संगणकाने हा शब्द तिथून उचलला. मराठीत या जातीच्या दस्तऐवजाला आपला जुना शब्द आहे, रोजकीर्द. आज काय घडले, काय आले, काय गेले, हे त्याच दिवशी क्रमाने लिहून ठेवायचे. मत नाही, अलंकार नाही. म्हणूनच अभ्यासकाला बखरीपेक्षा रोजकीर्द अधिक भरवशाची वाटते.

पण रोजकीर्दीचा भरवसा एका गृहीतावर उभा असतो: नंतर कोणी तिच्यात खाडाखोड केलेली नाही.

पुन्हा बर्कलीत. प्रयोगशाळेचे संगणक वापरणाऱ्यांकडून वापराच्या प्रमाणात पैसे घेतले जात. हा हिशेब दोन वेगळ्या प्रोग्राममधून निघे. एक युनिक्सचा नेहमीचा, दुसरा प्रयोगशाळेत लिहिलेला. दोन्ही बेरजा जुळायला हव्या होत्या, त्या जुळेनात. एखाद्या सेंटचा फरक गणिताच्या गोळाबेरजेत खपून गेला असता, पाऊण डॉलरचा खपेना. स्टॉलने शोध घेतला तेव्हा ‘हंटर’ नावाचे एक खाते सापडले, ज्याचे बिल कोणाकडे पाठवायचे याचा पत्ताच नव्हता. पाठोपाठ दुसऱ्या एका संगणकावरून तक्रार आली की तुमच्या प्रयोगशाळेतून कोणीतरी आमच्याकडे शिरण्याचा प्रयत्न केला.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. चोरी उघडकीस आली ती दोन स्वतंत्र वह्या होत्या म्हणून. एकच वही असती तर ती स्वतःशी नेहमीच जुळली असती.

घुसखोराने त्या काळी लोकप्रिय असलेल्या ‘इमॅक्स’ या संपादन प्रोग्राममधील एका उणिवेचा फायदा घेतला होता. त्याचा टपाल हलवणारा उपप्रोग्राम प्रयोगशाळेत असा बसवला होता की त्याच्याकरवी यंत्रणेच्या राखीव जागेत हवी ती फाइल नेऊन ठेवता येई. घुसखोराने तिथे आपली फाइल नेऊन ठेवली आणि तो ‘रूट’ झाला. कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडे घालावे तसा हा प्रकार. स्टॉलने १९८९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचे नावही त्यावरूनच पडले, ‘द ककूज एग’.

युनिक्समध्ये रूट म्हणजे सर्वाधिकारी. त्याला कोणतीही फाइल वाचता येते, बदलता येते, पुसता येते. कोण कधी आत आले, किती वेळ बसले, कोणती आज्ञा दिली, या सगळ्या नोंदी त्याच संगणकाच्या डिस्कवर साध्या फाइलींत असतात. म्हणजे रूट झालेल्या माणसाच्या हाती किल्ल्या आणि दफ्तर दोन्ही एकाच वेळी येतात. त्यातून हा घुसखोर सावध होता. आत आल्यावर तो आधी कोणकोण कामावर आहे ते पाही, आणि कोणी जाणता अधिकारी दिसला तर निघून जाई. त्याच संगणकावर पाळतीचा प्रोग्राम चालवला असता तर चालू प्रोग्रामांच्या यादीत तो त्याला दिसला असता.

स्टॉलचा तोडगा जवळजवळ अडाणी वाटावा असा होता. एका शुक्रवारी सायंकाळनंतर, सहकारी घरी गेल्यावर, त्याने कचेऱ्यांमधून सापडतील तितके प्रिंटर, टर्मिनल आणि छोटे संगणक उचलून आणले, जवळजवळ पन्नास, आणि बाहेरून प्रयोगशाळेत येणाऱ्या तारांना एकेक जोडून टाकला. तारेवरून जे अक्षर संगणकाकडे जाई, ते वाटेतच कागदावरही उमटे. संगणकाला याचा पत्ता नव्हता. त्यामुळे त्या संगणकाचा स्वामी झालेल्यालाही तो नव्हता.

त्यांपैकी एका प्रिंटरने सुमारे ८० फूट लांबीचा कागद बाहेर टाकला. त्या रात्री घुसखोराने दाबलेली प्रत्येक कळ त्यावर होती.

याच कागदांवरून घुसखोराच्या सवयीही कळल्या. चालू प्रोग्रामांची यादी मागवताना तो एक अक्षर जास्त लिही, जे बर्कलीच्या युनिक्समध्ये निरर्थक होते, पण एटी अँड टीच्या मूळ युनिक्समध्ये लागत असे. अर्थात हा माणूस बर्कलीच्या परिसरात शिकलेला नव्हे. हस्ताक्षर आणि शब्दयोजना पाहून पत्रलेखकाचा प्रांत ओळखण्यासारखीच ही रीत. पुढे जवळजवळ वर्षभर हा पाठलाग चालला. स्टॉलच्या मोजणीनुसार घुसखोराने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली आणि ३० हून अधिक उघडली. माग हानोफरच्या मार्कुस हेसपर्यंत पोहोचला. तो आणि त्याचे साथीदार अमेरिकी लष्करी संगणकांतील माहिती केजीबीला विकत होते. १९९० मध्ये जर्मनीत खटला होऊन त्यांना निलंबित तुरुंगवासाची शिक्षा झाली.

स्टॉलच्या प्रिंटरांनी एक तत्त्व सिद्ध केले होते. साक्षीदार आरोपीच्या घरात राहता कामा नये. पण प्रत्येक तारेला एक प्रिंटर हा काही कायमचा उपाय नव्हता.

कायमच्या उपायाचे बीज त्याच गावात पडून होते. प्रयोगशाळा टेकडीवर, तर पायथ्याशी कॅलिफोर्निया विद्यापीठ. तिथे एरिक ऑलमन याने ‘सेंडमेल’ हा ईमेल पोहोचवणारा प्रोग्राम लिहिला होता. ईमेल कुठे अडकली, कोणाला पोहोचली, याच्या नोंदी ठेवण्यासाठी त्याने सोबत एक छोटी सोय केली. तिचे नाव ‘सिसलॉग’. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती बर्कलीच्या युनिक्सबरोबर बाहेर पडली आणि जन्मदात्या प्रोग्रामपेक्षा दीर्घायुषी ठरली.

तिच्याआधी प्रत्येक प्रोग्राम आपापली वही आपापल्या लिपीत लिही म्हटले तरी चालेल. एकाची फाइल इथे, दुसऱ्याची तिथे, तिसरा लिहीतच नसे. ऑलमनने लेखनिक वेगळा केला. प्रोग्रामाने फक्त सांगायचे. वहीत उतरवण्याचे काम ‘सिसलॉगडी’ नावाचा, सतत पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम करील. सांगताना दोन गोष्टी जोडायच्या: नोंद कोणत्या खात्याची आणि ती किती गंभीर. गंभीरतेच्या आठ पातळ्या. शून्य म्हणजे यंत्रणा कोसळली, सात म्हणजे निव्वळ तपासणीची कुजबुज. खात्याच्या क्रमांकाला आठने गुणून पातळी मिळवायची आणि तो आकडा संदेशाच्या डोक्यावर लिहायचा. आरंभी ३४ दिसले तर चौथे खाते, म्हणजे ओळखपडताळणीचे, आणि दुसरी पातळी, म्हणजे अतिगंभीर.

खात्यांची यादी हा स्वतंत्र ऐतिहासिक दस्तऐवज आहे. तिच्यात सातवे खाते ‘न्यूज’, म्हणजे यूजनेटच्या चर्चागटांचे; आठवे ‘यूयूसीपी’, म्हणजे रात्री टेलिफोनवरून एका संगणकाने दुसऱ्याला फाइली देण्याच्या पद्धतीचे. ती पद्धत बहुतेकांच्या विस्मरणात गेली, पण तिचा क्रमांक आजही प्रत्येक सर्व्हरवर राखीव आहे. वतन बुडाले तरी दफ्तरात नाव चालू राहावे तसा.

खरी क्रांती मात्र एका चिन्हात होती. सिसलॉगच्या मांडणीच्या फाइलीत प्रत्येक ओळीचे दोन भाग असतात. डावीकडे कोणत्या खात्याची, किती गंभीर नोंद. उजवीकडे ती कोणत्या फाइलीत जावी. उजवीकडे फाइलीच्या नावाऐवजी @ हे चिन्ह आणि दुसऱ्या संगणकाचे नाव लिहिले की नोंद जाळ्यावरून त्या संगणकाकडे निघून जाई. जे साधायला स्टॉलला पन्नास यंत्रे गोळा करावी लागली, त्याचे एक रूप आता एका ओळीत आले. नोंद लिहिली जाताक्षणी तिची प्रत घराबाहेर. घुसखोर रूट झाला आणि त्याने स्थानिक वही फाडली, तरी त्याच्या प्रवेशाचा क्षण आधीच दुसरीकडे पोहोचलेला असे.

अशा गोळा करणाऱ्या संगणकाला ‘लॉगहोस्ट’ म्हणण्याचा प्रघात पडला. सन कंपनीच्या युनिक्समध्ये हे नाव आधीपासूनच लिहून येई. मात्र त्यात एक गंमत होती, आणि ती थोडी कडवट आहे. कारखान्यातून येणाऱ्या मांडणीत लॉगहोस्ट हे नाव त्याच संगणकाकडे बोट दाखवी. म्हणजे दारावर पाटी ‘कोतवाली’ची, आत घरमालक स्वतः. कोणी मुद्दाम बदल करीपर्यंत सगळ्या नोंदी जिथल्या तिथेच राहत. सोय हाताशी होती, पण तिची गरज का आहे हे उमगायला काही तडाखे बसावे लागले.

पहिला मोठा तडाखा २ नोव्हेंबर १९८८ चा. कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला ‘किडा’ त्या रात्री हजारो संगणकांत पसरला. त्याचा एक मार्ग सेंडमेलमधील तपासणीसाठी ठेवलेल्या चोरदारातून जाई. ज्या प्रोग्रामाच्या पोटी सिसलॉग जन्मले, त्याच्याच दारातून हा पाहुणा आला. तो आपल्या फाइली पुसे, आणि यादीत साध्या शेलचे नाव धारण करून बसे. त्यानंतर काही आठवड्यांतच कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे समन्वय केंद्र स्थापन झाले. संगणक एकेकट्याने सांभाळण्याचा काळ मागे पडू लागला होता.

नोंदी एकत्र आल्यावर नवीच अडचण उभी राहिली. त्या वाचणार कोण? पाच-पन्नास संगणक दिवसभर बोलत राहिले की लॉगहोस्टवर ओळींचा ढीग साचतो. त्यातील बहुतेक ओळी ‘अमुक काम सुरळीत झाले’ एवढेच सांगतात. ज्यांनी मोडी रुमाल सोडून बसण्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना ही अवस्था सांगायला नको. हवे ते पत्र त्या गठ्ठ्यातच असते आणि म्हणूनच सापडत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन हॅन्सन आणि टॉड अ‍ॅटकिन्स यांनी १९९२ मध्ये युनिक्स सुरक्षेच्या परिषदेत यावर एक निबंध मांडला. विषय: ‘स्वॉच’च्या साहाय्याने मध्यवर्ती देखरेख. हा पर्ल भाषेत लिहिलेला प्रोग्राम होता आणि त्याची रचना साधी होती. एका फाइलीत नमुने लिहायचे, प्रत्येक नमुन्यापुढे कृती. ओळीत ‘चुकीचा पासवर्ड’ अशा अर्थाचे शब्द दिसले तर ईमेल पाठव; डिस्क भरल्याचे दिसले तर घंटा वाजव; काही विशेष दिसले तर अमुक प्रोग्राम चालव. स्टॉलने स्वतःपुरता एक पेजर जोडून घेतला होता, घुसखोर आत आला की तो वाजे. स्वॉचने ती सोय कोणत्याही सिस्टीम अ‍ॅडमिनच्या हाती दिली. (पुढे त्याच नावाच्या स्विस घड्याळ कंपनीमुळे या प्रोग्रामाला नाव बदलून ‘स्वॉचडॉग’ व्हावे लागले.)

स्वॉचच्या कृतींपैकी सर्वांत महत्त्वाची कोणती, असे विचारले तर उत्तर ‘दुर्लक्ष कर’ हेच द्यावे लागेल. काय पाहायचे याची यादी करणारा माणूस फक्त ओळखीचे धोके शोधू शकतो. १९९७ मध्ये मार्कस रानम या सुरक्षातज्ज्ञाने हा विचार टोकाला नेला. त्याने त्याला ‘कृत्रिम अज्ञान’ असे खोडकर नाव दिले. जे नेहमीचे आणि निरुपद्रवी आहे ते सगळे गाळून टाकायचे. मागे जे उरेल ते, ते काय आहे हे ठाऊक नसले तरी, माणसाने डोळ्यांनी वाचायचे. नंतर आलेल्या कित्येक महागड्या यंत्रणांपेक्षा ही सूचना अधिक शहाणपणाची होती.

घुसखोरही शिकत होते. १९९० च्या दशकात ‘झॅप’सारखी छोटी अवजारे हातोहात फिरू लागली. युनिक्समध्ये कोण कधी आत आले याची एक स्वतंत्र वही असते, प्रत्येक नोंद ठरावीक लांबीची. झॅप त्या वहीतील घुसखोराच्या नोंदीवर शून्ये लिहून टाकी. नाव नाहीसे होई, जागा मात्र तशीच राही. मग संरक्षकांनी अशा शून्य नोंदी शोधणारी अवजारे लिहिली. खरवडलेल्या जागी काय होते ते कळत नसे, पण इथे कोणाचा तरी हात फिरला आहे एवढे नक्की कळे. अभावही पुरावा ठरू शकतो, हे या लढाईने दाखवले.

त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण घडले २५ डिसेंबर १९९४ रोजी. सॅन दिएगोच्या महासंगणक केंद्रातील संशोधक त्सुतोमू शिमोमुरा नाताळच्या सुट्टीत बाहेरगावी असताना त्याच्या संगणकांवर हल्ला झाला. हल्ल्याची पद्धत त्या वेळी फारशी कोणी प्रत्यक्षात पाहिली नव्हती. हल्लेखोराच्या संगणकाने स्वतःला विश्वासू संगणकाचे सोंग दिले आणि उत्तरे न पाहताच, पुढचा क्रमांक काय येईल याचा अंदाज बांधून, संभाषण पूर्ण केले. आत शिरल्यावर माहितीच्या प्रती नेल्या गेल्या, नोंदींची छाटणी झाली.

पण त्या नोंदींच्या प्रती ठरावीक वेळाने दुसऱ्या संगणकाकडे रवाना होत असत. त्या पाहणाऱ्या अँड्र्यू ग्रॉस या विद्यार्थ्याच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली: आज आलेली नोंदवही आधीच्यापेक्षा लहान होती. रोजकीर्द वाढत जाते. ती आखडत नाही. मजकूर वाचण्याचीही गरज नव्हती, लांबीनेच चोरी सांगितली. याशिवाय जाळ्यावरून जाणाऱ्या पाकिटांची वेगळी नोंद ठेवली जात होती. तिच्या आधारे शिमोमुराने नंतर हल्ल्याचा सेकंदासेकंदाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पहिली चाचपणी दुपारी २ वाजून ९ मिनिटे ३२ सेकंदांनी सुरू झाली होती. फेब्रुवारी १९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रॅली येथे केविन मिटनिकला अटक झाली.

या प्रकरणानंतर शहाण्या संस्थांमध्ये लॉगहोस्ट उभारण्याची एक रीत रूढ होत गेली. एखादा जुना संगणक बाजूला काढायचा. त्यावर सामान्य वापरकर्त्यांची खाती ठेवायची नाहीत. ईमेल, फाइलवाटप, सारे बंद; फक्त सिसलॉगचे ५१४ क्रमांकाचे दार उघडे. खोलीला कुलूप. त्याचा पासवर्ड इतर कोणत्याही संगणकाशी सामाईक नसावा, नाहीतर एक किल्ली चोरणाऱ्याला दोन्ही घरे मिळतात. जुन्या वह्या दर रात्री गुंडाळून ठेवायच्या. जे अधिक संशयी होते ते महत्त्वाच्या ओळी अजूनही प्रिंटरवर काढत. कागदावर उमटलेली ओळ दूरवरून पुसण्याची युक्ती कोणालाच सापडलेली नव्हती.

आणि घड्याळे. दहा संगणकांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर कोणती घटना आधी हे कळायचे असेल तर दहाही घड्याळे जुळलेली हवीत. डेव्हिड मिल्स याने १९८५ मध्ये मांडलेली एनटीपी ही वेळ जुळवण्याची पद्धत त्यासाठी कामी आली. तिच्याविना मध्यवर्ती नोंदवही म्हणजे कालक्रम नसलेला पत्रसंग्रह.

कालक्रमावरून सिसलॉगमधील एक उणीव आठवते, जी मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला लगेच ओळखीची वाटेल. मूळ सिसलॉगच्या नोंदीत महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असतात, वर्ष नसते. कोणत्या देशाची वेळ, तेही नसते. अठराव्या शतकातील कितीतरी मराठी पत्रांवर चंद्र आणि महिना असतो, साल नसते, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. पत्र दोनशे वर्षांनी कोणी उघडील ही कल्पना त्यांना नव्हती. बर्कलीतील लेखकांनाही आपली नोंद त्या आठवड्यापलीकडे कोणी वाचील असे वाटले नसावे.

अधिक गंभीर दोष वाहतुकीत होता. सिसलॉगच्या नोंदी यूडीपी या पद्धतीने जात, म्हणजे साध्या पोस्टकार्डासारख्या. पोहोचल्याची पावती नाही. वाटेत हरवले तर कोणालाच कळणार नाही. मजकूर वाटेत कोणीही वाचावा. आणि पाठवणाऱ्याचे नाव? जे लिहिले असेल ते. म्हणजे साक्षीदार दुसऱ्या घरी नेऊन ठेवला खरा, पण त्याच्या नावाने खोटी पत्रे पाठवणे कोणालाही शक्य होते. खोट्या नोंदींचा पूर सोडून लॉगहोस्टची डिस्क भरून टाकली की खरी नोंद ठेवायला जागाच उरत नसे. याच भीतीने लिनक्सवरील सिसलॉगने पुढे बाहेरच्या नोंदी न स्वीकारणे हेच मूळ धोरण केले. अ‍ॅडमिनने मुद्दाम सांगितले तरच दार उघडायचे.

विशेष म्हणजे इतका काळ जगभर चाललेली ही पद्धत कोठेही रीतसर लिहिलेलीच नव्हती. ऑगस्ट २००१ मध्ये क्रिस लॉनविक याने आरएफसी ३१६४ हा दस्तऐवज तयार केला. त्यात काय असावे यापेक्षा प्रत्यक्षात काय चालते याचे वर्णन होते. आधी रूढी, मग स्मृतिग्रंथ. पुढील सुधारणांचा तपशील मोठा आहे, तो इथे थोडक्यात: हंगेरीतील बालाझ शाइडलर याचे ‘सिसलॉग-एनजी’ १९९८ चे, जर्मनीतील राइनर गेर्हार्ड्स याचे ‘आरसिसलॉग’ २००४ चे. दोघांनी नोंदी पावतीनिशी पाठवण्याची व्यवस्था केली. मार्च २००९ मध्ये गेर्हार्ड्सनेच लिहिलेल्या आरएफसी ५४२४ ने नोंदीला अखेर वर्ष आणि कालविभाग दिला. त्याच महिन्यात बंद लिफाफ्यातून, म्हणजे सांकेतिक रूपात, नोंदी पाठवण्याचा नियमही ठरला, आणि २०१० मध्ये नोंदींवर अंकीय सही करण्याचा. पोस्टकार्डापासून मोहोरबंद टपालापर्यंत यायला पाव शतक लागले.

दरम्यान नोंदवहीचे स्वरूपही बदलले. स्प्लंक, इलॅस्टिकसर्च, लॉगस्टॅश यांसारख्या यंत्रणांनी ओळींच्या ढिगाला सूची दिली. शब्द टाकला की हजार सर्व्हरांतील ओळी क्षणात समोर. संशोधकाला हेवा वाटावा अशी ही सोय आहे. पण तिची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. एका कंपनीतील प्रत्येक माणूस कधी आला, कोणती फाइल उघडली, रात्री किती वाजता काम करीत होता, हे सारे आता एका खोलीत, काही मोजक्या लोकांपुढे असते. घुसखोरासाठी लावलेली पाळत घरच्यांवरही आपोआप लागते. आणि ज्याने लॉगहोस्ट जिंकला, त्याने एका फटक्यात सगळ्यांची रोजकीर्द जिंकली. वह्या विखुरलेल्या होत्या तेव्हा हा धोका नव्हता.

भारतात हा विषय २८ एप्रिल २०२२ रोजी अ‍ॅडमिनच्या मर्जीतून सरकारी आदेशात आला. त्या दिवशी ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निर्देश काढले. संस्थांनी आपल्या सर्व संगणक यंत्रणांच्या नोंदी मागील १८० दिवसांपर्यंत भारताच्या अधिकारक्षेत्रात जपून ठेवाव्यात. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी. आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून घ्यावीत. पुण्यातील एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरलाही हे लागू आहे. १८० दिवस पुरेसे की अपुरे, आणि ते कोणासाठी, यावर तेव्हा बराच वाद झाला. एवढे खरे की हेस बर्कलीच्या परिसरात त्याहून अधिक काळ वावरत होता.

आज तर मूळ परिस्थितीच उलटली आहे. स्टॉलच्या काळी संगणक वर्षानुवर्षे एका जागी उभा असे आणि त्याच्या वहीचे काय होईल ही चिंता असे. आता कित्येक सर्व्हर म्हणजे ‘कंटेनर’ असतात, गरजेपुरते जन्मणारे आणि काही मिनिटांत विसर्जित होणारे. त्यांची डिस्क त्यांच्याबरोबर जाते. अशा सर्व्हरवर घुसखोर येऊन गेला तर तपासायला मागे यंत्रच उरत नाही. असते ती फक्त त्याने मरण्यापूर्वी दुसऱ्या घरी पाठवलेली ओळ, तिच्या डोक्यावर ऑलमनच्या हिशेबाने काढलेला तोच जुना आकडा.